अजिंक्यला तेव्हाच बसवायला हवं होतं!

शिव्या देणं फार सोपं असतं. पण ज्याच्यावर आपला जीव नाही त्याला आपण शिव्याही देत नाही, सरळ चॅनल बदलतो. माझ्या शिव्या सगळ्यात जास्त कुणी खाल्ल्या असतील तर अजिंक्य रहाणेने. आणि माझा सगळ्यात लाडका खेळाडू कोण विचाराल, तर तोही अजिंक्य रहाणेच!

कारण तो आपल्यातला वाटतो. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा जन्म, वाढला डोंबिवलीत. ना टॅटू, ना आरडाओरडा. २०१४ साली लॉर्ड्सच्या हिरव्यागार पिचवर बाकीचे चाचपडत असताना याने १०३ काढले. कसोटीत एकूण १२ शतकं, आणि त्याने शतक काढलेली एकही कसोटी भारत हरलेला नाही. अजून काय पाहिजे?

मेलबर्नचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२०. ॲडलेडला ३६ मध्ये ऑल आऊट होऊन आपण तोंड लपवत होतो, कोहली सुट्टीवर घरी परतलेला. कॅप्टन म्हणून उभा राहिला तो अजिंक्य. आमच्या चिंचोळी एमआयडीसीत तेव्हा फर्स्ट शिफ्टला निघालेली माणसं चहाच्या टपरीवर एकाच मोबाईलवर चार-चार डोकी घालून मॅच बघायची. त्याने ११२ केले आणि जडेजाच्या पन्नाशीच्या धावेत रनआऊट झाला. दुसरा कुणी असता तर बॅट आपटली असती. हा उलट जडेजाचीच समजूत घालून गेला! पुढे मालिका २-१ ने खिशात.

आणि इथूनच माझा वैताग सुरू होतो.

२०२१ या अख्ख्या वर्षात अजिंक्य १३ कसोटी खेळला. २३ डाव, ४७९ धावा, सरासरी २१ च्याही आत. शतक एकही नाही. इंग्लंडमध्ये सात डावांत १०९, त्यातले ६१ एकट्या लॉर्ड्सच्या एका डावातले. ओव्हलच्या दुसऱ्या डावात तर भोपळा. पाचव्या नंबरचा बॅट्समन म्हणजे संघाचा कणा. वरचे तिघे-चौघे गेले की सगळे त्याच्याकडे बघणार. आणि तो पॅव्हेलियनकडे चालत निघालेला! दरवेळी आम्ही म्हणायचो, "पुढच्या डावात बघ की, नक्की काढतो." पुढच्या डावात पुन्हा तेच.

माझा रूममेट म्हणतो, "मेलबर्न विसरलास काय बे? एवढ्या लवकर माणूस टाकून द्यायचा?" त्याचं म्हणणं खोटं नाही. कोहली आणि पुजाराच्या बॅटमधूनही त्या काळात शतकं आटली होती, पण बोट मात्र पहिलं अजिंक्यकडे जायचं. शिवाय "रणजी खेळून फॉर्ममध्ये ये" असा सल्ला देणारे विसरतात की कोविडमुळे २०२०-२१ ची रणजी झालीच नाही. तो खेळणार कुठे? सगळी दुरुस्ती थेट कसोटीतच करायची, तीही अख्ख्या देशासमोर.

हे सगळं मान्य. पण एका माणसाला सांभाळताना बाहेर कोण बसलंय हे कोण बघणार? नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला श्रेयस अय्यरने पदार्पणात १०५ आणि ६५ काढले. त्याच मालिकेनंतर संघ दक्षिण आफ्रिकेला गेला आणि तिन्ही कसोटीत श्रेयस बाकावर! हनुमा विहारी जोहान्सबर्गला दुसऱ्या डावात नाबाद ४० करून पुढच्या कसोटीत पुन्हा बाहेर. त्याआधीचं करुण नायरचं उदाहरण तर अजबच. डिसेंबर २०१६ मध्ये जखमी रहाणेच्या जागी खेळताना चेन्नईत त्याने नाबाद ३०३ केले, आणि रहाणे बरा होताच पुढच्या कसोटीत तो बाहेर. यात अजिंक्यचा काडीचाही दोष नाही. पण त्याच्यावरच्या विश्वासाचं बिल दुसऱ्याच कुणीतरी भरलं, हे कसं नाकारणार?

माझं म्हणणं असं की इंग्लंडच्या मालिकेनंतर त्याला तीन-चार महिने बसवायला हवं होतं. शिक्षा म्हणून नाही. तसं न करता आधी कानपूरला कॅप्टन केलं, मग उपकर्णधारपद काढून घेतलं, तरी खेळवतच राहिले, आणि आफ्रिकेत मालिका हरल्यावर एकदम बाहेर. ही काय पद्धत झाली?

उन्हाळ्यात एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये इनप्लँट ट्रेनिंग केलं. तिथे लेथवरच्या काकांनी एक गोष्ट शिकवली. जॉबचं फिनिशिंग बिघडायला लागलं की ते मशीन थांबवायचे, टूल काढून ग्राइंडरवर धार लावून आणायचे. टूल तुटेपर्यंत चालवायचं नाही आणि धार गेली म्हणून भंगारातही टाकायचं नाही. आपल्या निवड समितीला हे मधलं पाऊलच जमत नाही.

पुरावा पाहिजे? बाहेर काढल्यावर अजिंक्य रणजीत परत गेला. २०२२-२३ च्या मोसमात हैदराबादविरुद्ध २०४, आसामविरुद्ध १९१. जून २०२३ मध्ये ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलला परत आला आणि ८९ व ४६ काढले. मॅच आपण हरलो, पण पहिल्या डावात आपल्याकडून सगळ्यात जास्त धावा त्याच्याच! धार लागली होती की नाही?

पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडिजला तो पुन्हा उपकर्णधार झाला, दोन डावांत ३ आणि ८ केले आणि परत बाहेर. ८५ कसोटी, ५०७७ धावांवर गाडी थांबली. म्हणजे फॉर्म नसताना अख्खं वर्ष खेळवलं आणि परत आल्यावर दोन डावांत निकाल लावला! रूममेट म्हणतो, "मग २०२४ ला धावा होत नसताना मुंबईला रणजी कसा जिंकून दिला?" अरे बाबा, तिथे तो कॅप्टन होता, ते वेगळं काम. आणि फायनलला ७३ काढलेच की.

असो. हे फक्त टीव्हीपुरतं नाही. आपल्या हॉस्टेलच्या टीमचा विचार करा. सीनियर आहे, गेल्या वर्षी त्याने फायनल जिंकून दिली, म्हणून ओपनिंगला तोच. आणि फर्स्ट इयरचा पोरगा अख्खी स्पर्धा पाण्याच्या बाटल्या नेतोय. सीनियरला तोंडावर सांगायची कुणाची हिंमत नाही, पाठीमागे मात्र सगळे शिव्या देतात. मला विचाराल तर कॅप्टनने रूमवर जावं, चहा पाजावा आणि सांगावं, "दोन मॅच बस, नेटमध्ये ये, जागा तुझीच आहे." आणि दोन मॅच झाल्या की दिलेला शब्द पाळावा.

अजिंक्यला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझ्या निम्म्या शिव्या तरी वाचल्या असत्या!