नाट्यगृहातील मोबाईल आणि जॅमरची मागणी : अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व नियामक मंडळ,
अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद, मुंबई

महोदय,

प्रयोग रंगात आलेला असताना प्रेक्षागृहात मोबाईल वाजतो, ही तक्रार मराठी रंगभूमीवर आता इतकी जुनी झाली आहे की तिच्याकडे लक्ष वेधण्यासाठी नटांना टोकाची भाषा वापरावी लागते. 2019 मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकाच्या पुनरुज्जीवित प्रयोगांच्या वेळी सुबोध भावे यांनी, असेच चालू राहिले तर नाटकात काम करणे थांबवावे लागेल, असे जाहीरपणे लिहिले आणि त्याच सुमारास महानगरपालिकांच्या नाट्यगृहांत जॅमर, म्हणजे मोबाईलचे संदेशवहन रोखून धरणारे यंत्र, बसवावे ही मागणीही पुढे आली. तेव्हापासून अशी एखादी घटना गाजली की ही मागणी दर वेळी नव्याने डोके वर काढते. नटांची तक्रार सर्वस्वी न्याय्य आहे, परंतु तिच्यावर सुचवला जाणारा हा उपाय कायद्याच्या, तंत्राच्या आणि नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या अशा तिन्ही कसोट्यांवर तोकडा पडतो, आणि 1905 पासून मराठी रंगभूमीची मध्यवर्ती संस्था म्हणून वावरणाऱ्या परिषदेने त्या मागणीला आपले वजन देऊ नये, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहिले आहे.

जॅमर नेमके काय करतो हे आधी पाहणे इष्ट ठरेल. मोबाईल आणि जवळचा मनोरा एकमेकांशी ठरावीक वारंवारितांच्या रेडिओ लहरींतून बोलत असतात. जॅमर त्याच वारंवारितांवर निरर्थक गोंगाट प्रक्षेपित करतो, त्यामुळे फोनला मनोऱ्याचा संकेत वेगळा ओळखता येत नाही आणि संपर्क तुटतो. भारतातील मोबाईल सेवा आज एका पट्ट्यात चालत नाही, तर 700 मेगाहर्ट्‌झपासून 5-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या 3,300 मेगाहर्ट्‌झच्या पुढील पट्ट्यापर्यंत पसरलेली आहे, आणि म्हणून एका यंत्राला अनेक पट्ट्यांवर एकाच वेळी गोंगाट करावा लागतो. हा गोंगाट नाट्यगृहाच्या भिंतीपाशी येऊन थांबत नाही. मराठी नाट्यगृहे बहुधा भर वस्तीत आहेत. त्यांना लागून रहदारीचे रस्ते आहेत, दुकाने आहेत, इमारती आहेत, आणि तिथल्या माणसांनी नाटकाचे तिकीट काढलेले नसते. शिवाय ज्या क्षणी प्रेक्षागृहात एखाद्याला हृदयविकाराचा झटका येतो त्या क्षणी 112 हा आपत्कालीन क्रमांकही याच गोंगाटात बुडालेला असतो.

या कारणांमुळेच भारतीय कायद्याने जॅमरला सरसकट मोकळीक दिलेली नाही. असे यंत्र बाळगण्यास व वापरण्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. ती सुरक्षा यंत्रणा, तुरुंग प्रशासन आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था यांना ठरावीक अटींवर मिळते, आणि यंत्रही अधिकृत उत्पादकाकडूनच घ्यावे लागते. खासगी व्यक्ती वा संस्थेला ते विकत घेण्याची मुभा नाही, हे दूरसंचार विभागाने वेळोवेळी बजावले आहे. करमणुकीचे सभागृह या यादीत कुठेही बसत नाही. तुरुंगासाठी आखलेला अपवाद नाट्यगृहासाठी मागताना आपण प्रेक्षकाला कोणाच्या रांगेत उभे करत आहोत, याचा विचार मागणी करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

क्षणभर असे धरून चालू की परवानगी मिळाली. तरीही नटाला हवी असलेली शांतता हाती येईल काय, याची शंका आहे, कारण जॅमर येणारा कॉल अडवतो, फोनचे उरलेले सारे उद्योग तसेच चालू राहतात. रात्री साडेनऊला रक्तदाबाची गोळी घेण्यासाठी लावलेला गजर संपर्क तुटलेला असतानाही वाजतो; इतकेच नव्हे, तर बहुतेक फोनमध्ये तो ‘सायलेंट’ केलेल्या अवस्थेतही वाजतो, आणि आपण फोन बंद केला आहे अशा प्रामाणिक समजुतीत बसलेले आजोबा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे रागाने पाहत राहतात, कारण तो त्यांच्याच खिशात वाजतो आहे हे त्यांना सर्वांत शेवटी कळते. थरथरणारा फोन खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवलेला असेल तर त्याची घरघर घंटीपेक्षा लांबवर जाते. मनगटावरचे नवे घड्याळ हात उचलताच उजळते, त्यामुळे टाळीला हात वर गेले की अंधारात ठिकठिकाणी चौकोन पेटतात. आणि रंगमंचावरून पाहणाऱ्याला सर्वांत जास्त जाचतो तो आवाज नव्हेच. प्रेक्षकाने संदेश वाचण्यासाठी मांडीवर धरलेला पडदा त्याचा चेहरा खालून उजळवतो, आणि नटाला समोरच्या काळोखात तो एकच चेहरा, तोही आपल्याकडे न पाहणारा, स्पष्ट दिसत राहतो. या प्रकाशावर जॅमरचा काडीमात्र परिणाम होत नाही. आधी आलेले संदेश वाचता येतात, छायाचित्रे चाळता येतात.

याहून गंभीर बाब चित्रीकरणाची आहे. फोन वाजणे हा बेशिस्तीचा भाग आहे, परंतु प्रयोग चोरून चित्रित करणे हा कलावंताच्या हक्काचा भंग आहे. स्वामित्व हक्क कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क स्पष्टपणे मान्य करण्यात आला, म्हणजे लेखकाचा संहितेवर जसा हक्क असतो तसा नटाचा, गायकाचा, नर्तकाचा आपण सादर केलेल्या प्रयोगावर असतो आणि त्याच्या संमतीविना त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करता येत नाही. कॅमेऱ्याला मनोऱ्याची गरज नसते. जॅमर लावलेल्या नाट्यगृहात पूर्ण अंक चित्रित करून बाहेर पडल्यावर तो प्रसारित करणे कोणालाही शक्य आहे. म्हणजे जे कृत्य केवळ असभ्य आहे ते अडवण्यासाठी सर्वांचा संपर्क तोडायचा आणि जे बेकायदा आहे ते तसेच चालू द्यायचे, असा हा उलटा न्याय होतो.

आता प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा. मराठी नाटकाचा आजचा पैसे देणारा प्रेक्षक मोठ्या प्रमाणावर मध्यमवयीन आणि ज्येष्ठ आहे, हे परिषदेला सांगायला नको. यातील कित्येकांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई किंवा वडील असतात आणि त्यांना शेजारणीच्या किंवा मदतनीस बाईच्या भरवशावर ठेवून तीन तासांची सवड काढलेली असते. कित्येकांची मुले न्यू जर्सीत किंवा सिडनीत असतात आणि त्यांच्या सवडीची वेळ नेमकी इथल्या दुसऱ्या अंकाची असते. पहिल्या गटातील माणसाला संपर्काबाहेर जा असे सांगणे म्हणजे नाटकाला येऊ नको असे सांगणे आहे. दुसऱ्या गटातील माणसाला मात्र दोन तास थांबायला सांगण्यात काहीही गैर नाही. स्वातंत्र्याचा विचार करताना या दोन गरजांमधला फरक राखता आला पाहिजे, आणि यंत्राला नेमका तोच राखता येत नाही. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये इंटरनेटवरील निर्बंधांना प्रमाणबद्धतेची कसोटी लावली, म्हणजे साध्य उद्देशासाठी कमीत कमी जाचक असा मार्ग उपलब्ध असताना अधिक जाचक मार्ग राज्यसंस्थेने स्वीकारू नये, असे तत्त्व धरले. तो खटला काश्मीरमधील संपर्कबंदीचा होता आणि त्याची बरोबरी नाट्यगृहातील गैरसोयीशी करणे हास्यास्पद ठरेल. तथापि महाराष्ट्रातील बहुतेक मोठी नाट्यगृहे महानगरपालिकांची आहेत, महानगरपालिका ही घटनेच्या अर्थाने राज्यसंस्थेचाच भाग आहे, आणि तिने नागरिकाचा संपर्क तोडायचा ठरवला तर सौम्य मार्ग आधी वापरून पाहिले काय, हा प्रश्न तिला विचारला जाणारच.

मोबाईलमुळे नाटकाची सनातन शांतता भंगली, असा सूर या वादात अनेकदा लागतो. तो इतिहासाला धरून नाही. संगीत नाटकाच्या वैभवकाळात प्रेक्षागृह शांत नव्हते. पद आवडले की ‘वन्समोअर’चा घोष होई, पात्र भूमिका बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या ओळीपासून गाई, आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. तमाशाच्या बोर्डावर तर प्रेक्षकाची दाद हा खेळाचाच भाग असतो. अंधाऱ्या प्रेक्षागृहात निमूट बसून चौथ्या भिंतीपलीकडचे, म्हणजे रंगमंच व प्रेक्षक यांच्यामधल्या कल्पित अदृश्य भिंतीपलीकडचे, जगणे न्याहाळायचे, ही रीत युरोपातही उशिराची आहे. जर्मन संगीतकार वागनरने 1876 मध्ये बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात दिवे मालवले तेव्हा ते अप्रूपच मानले गेले होते. मराठीत वास्तववादी नाटकाची वाट ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणून रुंद केली, आणि कुजबुजत्या संवादांचे, अर्थपूर्ण विरामांचे नाटक आले तसा त्याला लागणारा शांत प्रेक्षकही घडवावा लागला. तो कोणत्याही यंत्राने घडवला नाही. नाटककार, नट, द्वारपाल, आणि तिसऱ्या घंटेनंतर बोलणाऱ्याकडे वळून पाहणारा मागच्या रांगेतला अनोळखी गृहस्थ, या सर्वांनी मिळून तो दोन-तीन पिढ्यांत घडवला. प्रेक्षागृहातील शांतता हा असा परस्परांनी केलेला करार आहे, आणि मोबाईलच्या आगमनानंतर तो करार नव्याने लिहिण्याचे काम कोणी अंगावर घेतलेले नाही, ही खरी अडचण आहे.

हा प्रश्न इतर देशांनाही सुटलेला नाही. फ्रान्सने 2004 मध्ये चित्रपटगृहे व नाट्यगृहांत जॅमरला मुभा देण्याचे ठरवले तेव्हा आपत्कालीन कॉल चालू राहिले पाहिजेत अशी अट घालावी लागली. न्यूयॉर्क शहराने 2003 मध्ये प्रयोगादरम्यान फोन वापरल्यास 50 डॉलर दंडाचा कायदा केला, आणि त्यानंतर 12 वर्षांनी त्याच शहरात, लिंकन सेंटरमधील प्रयोगात, अभिनेत्री पॅटी लुपोन यांना संदेश पाठवत बसलेल्या प्रेक्षकाच्या हातून फोन काढून घ्यावा लागला. कुलूपबंद पिशवीचा प्रयोगही झाला आहे: प्रवेश करताना प्रेक्षकाचा फोन एका पिशवीत बंद करून ती त्याच्याच हाती द्यायची आणि बाहेर पडताना उघडून द्यायची. ब्रॉडवेवर ‘टेक मी आउट’ या नाटकातील नग्नदृश्याचे चित्रीकरण होऊ नये म्हणून अशा पिशव्या वापरल्या गेल्या, तरीही 2022 मध्ये त्या दृश्याचे चोरटे चित्रण बाहेर पडलेच. दंड, पिशवी, यंत्र यांपैकी कशालाही माणसाच्या देखरेखीला पर्याय होता आलेले नाही.

इथे नाट्यव्यवसायाच्या स्वतःच्या वर्तनाकडेही थोडे पाहावे लागेल. तिकीट अ‍ॅपवर काढायला लावायचे, दारात त्याचा क्यूआर कोड दाखवण्यासाठी फोन बाहेर काढायला लावायचा, प्रयोगानंतर कलाकारांसोबत सेल्फी घ्या आणि समाजमाध्यमांवर टाका असे आवाहन करायचे, आणि मधल्या दोन तासांत फोनचे अस्तित्व विसरा असे सांगायचे, ही अपेक्षा चुकीची नसली तरी तिच्यासाठी काहीतरी तजवीज हवी. सध्याची तजवीज म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या घंटेच्या मध्ये होणारी ध्वनिमुद्रित सूचना. ती सुरू असताना निम्मे प्रेक्षक आसने शोधत असतात, ओळखीपाळखीच्या गप्पा संपलेल्या नसतात, आणि सूचना इतकी पाठ झालेली असते की ती कानावर पडते पण ऐकली जात नाही. ‘मोबाईल बंद ठेवा’ म्हणजे नेमके काय करा, गजराचे काय, घड्याळाचे काय, हे ती सांगत नाही. पडदा वर गेल्यावर आत फिरून पाहणारे तर बहुतेक ठिकाणी कोणी नसतेच. द्वारपालाचे काम तिकीट फाडण्यापाशी संपते.

परिषदेला जे करता येण्यासारखे आहे ते याच जागी आहे. निर्माते, नाट्यगृह व्यवस्थापन आणि परिषद यांनी मिळून एक समान प्रेक्षकसंहिता ठरवावी आणि ती तिकिटाची अट म्हणून तिकिटावरच छापावी, म्हणजे तिचा भंग करणाऱ्याला बाहेर जाण्यास सांगण्याचा अधिकार व्यवस्थापनाला करारातून मिळेल आणि नटाला पात्र सोडून प्रेक्षकाशी भांडण्याची पाळी येणार नाही. ज्याला खरोखर निरोप येण्याची शक्यता आहे त्याने आपला आसनक्रमांक व्यवस्थापकाच्या टेबलावर नोंदवावा, घरी नाट्यगृहाचा क्रमांक देऊन ठेवावा, आणि निरोप आला तर द्वारपालाने त्याला हळूच बाहेर बोलवावे. दूरध्वनीच्या काळात डॉक्टर मंडळी असेच नाटक पाहत असत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. अशा प्रेक्षकांना रांगेच्या कडेची काही आसने राखून ठेवता येतील. प्रत्येक प्रयोगाला प्रेक्षागृहात किमान दोन प्रशिक्षित माणसे उभी राहावीत आणि त्यांचे मानधन नाट्यगृहाच्या भाड्यातूनच निघावे, हा आग्रह परिषदेने महानगरपालिकांकडे धरला तर तो जॅमरच्या मागणीपेक्षा अधिक रास्त ठरेल, आणि त्यासाठी दिल्लीकडे अर्जही करावा लागणार नाही. यावर खर्च वाढेल असा आक्षेप येईल. तो खरा आहे. मात्र यंत्रे विकत घेऊन त्यांची देखभाल करण्याचा खर्च करायला जे तयार आहेत त्यांनी माणसांच्या पगाराबाबत हात आखडता घेण्याचे कारण दिसत नाही.

2023 च्या निवडणुकीनंतर परिषदेचे अध्यक्षपद प्रशांत दामले यांच्याकडे आले, आणि हजारो प्रयोग केलेल्या नटाला प्रेक्षागृहाची नाडी कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर परिषदेचे स्वतःचे आहे. तिथे पुढील सहा महिने ही व्यवस्था राबवून पाहावी, प्रत्येक प्रयोगातील व्यत्ययांची साधी नोंदवही ठेवावी, आणि ती नोंदवही घेऊन मग मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथील महानगरपालिकांशी बोलणी करावीत, अशी विनंती आहे.

कळावे,

मराठी नाटकाचा एक प्रेक्षक