दस्तार निजामाची, पैसा कुणाचा?

रॉयल एअर फोर्सच्या १५२ नंबरच्या स्क्वाड्रनचं चिन्ह बघितलंय का कधी? वर ब्रिटिश मुकुट आणि मधोमध चक्क आपल्या निजामाची दस्तार! खालच्या ब्रीदवाक्याचा अर्थ 'विश्वासू मित्र'. (१९१८ साली इंग्रजांनी मीर उस्मान अली खानला दिलेला किताब तो हाच.) स्क्वाड्रनचं नावही 'हैदराबाद'च.

आता ह्यात असलेल्या एखाद्या मेकॅनिकची नोकरी डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर १९३९ मध्ये उत्तर इंग्लंडात सुरुवात. १९४० च्या उन्हाळ्यात दक्षिणेला वॉर्मवेलच्या तळावर, डोक्यावर जर्मन विमानं. मग उत्तर आफ्रिका, माल्टा, सिसिली, इटली आणि शेवटी ब्रह्मदेशाची आघाडी. स्पिटफायर थंड हवेत बांधलेलं विमान. ते चिखलात, पावसात, डासांत रोज उडण्याजोगं ठेवायचं म्हणजे काय, ते ज्याने 'प्रॉडक्शन सपोर्ट' केलाय त्याला थोडंफार कळेल. (आमच्या डोक्यावर बॉम्ब पडत नाहीत, एवढाच फरक!)

युद्ध संपलं की असे लोक संघटना काढतात. ब्रह्मदेशात लढलेल्यांची बर्मा स्टार असोसिएशन १९५१ ला निघाली. सभासद म्हातारे होत होत कमी झाले आणि २०२० मध्ये संघटना संपून तिचा स्मृतिनिधी झाला. कोटावरचा बिल्ला, गळ्यातला टाय, भिंतीवरची लाकडी ढाल एवढं मागे उरतं. तो म्हातारा ते कमावून बसलेला असतो, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझा वाद आहे तो ढालीवरच्या नावाशी.

कारण विमानं आली कुठून? पहिल्या महायुद्धात निजामाने ११० नंबरच्या स्क्वाड्रनला डीएच ९ए विमानं भेट दिली. त्यातलं एफ १०१० हे ५ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनांच्या हाती लागलं. बर्लिन, मग पोलंड असं फिरून १९७७ मध्ये ते इंग्लंडला परतलं आणि आज रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याच्या अंगावर इंग्रजीत लिहिलंय की हे निजामसाहेबांनी दिलेलं आहे. दुसऱ्या युद्धातही तेच, देणग्या हैदराबादच्या आणि स्क्वाड्रनला नाव हैदराबादचं.

पण निजामसाहेब काही स्वतः नांगर धरत नव्हते. खजिना भरायचा तो शेतसाऱ्याने आणि अबकारीने. आमचं तीर्थपुरी तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. (जालना जिल्हा १९८१ चा.) ज्वारी पिकवणाऱ्या अशा हजारो गावांचा पैसा त्या खजिन्यात जायचा. आणि साल बघा, १९१८! दख्खनमध्ये पाऊस बुडालेला, त्यात इन्फ्लुएंझाची साथ. त्याच वर्षी तिकडे फ्रान्समधून 'हैदराबाद'ची विमानं उडत होती. कुठला रुपया कुठल्या पंख्यात गेला ते कुणी सिद्ध करू शकणार नाही, मीही करत नाही. पण आमच्या धंद्यात एखाद्याने कोड लिहिला आणि नाव मॅनेजरचं लागलं तर केवढा आरडाओरडा होतो! इथे शंभर वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही.

"निजामाचं कशाला कौतुक करतोस? रझाकार विसरलास काय?" असं कुणीतरी म्हणणारच. अहो, कौतुक कुठे करतोय! सप्टेंबर १९४८ मध्ये त्या 'विश्वासू मित्रा'च्या राज्यावर भारताचं सैन्य चालून आलं, विमानंही आली, आणि इंग्रज मित्र काही मदतीला धावला नाही. १७ सप्टेंबरला दरवर्षी झेंडा लावतो तो त्यासाठीच. पण निजाम नको म्हणून त्याच्या नावावर खर्च झालेला आपला पैसाही आठवायचा नाही, हा कुठला हिशेब?

स्वतः उडालेल्यांनाही आपण कुठे लक्षात ठेवतो म्हणा. हृषीकेश मुळगावकर मुंबईत जन्मलेले; त्याच महायुद्धात वैमानिक झाले, काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवलं, १९७६ ते ७८ हवाई दलप्रमुख होते. किती मराठी पोरांना हे नाव माहीत आहे?

माझी मागणी छोटी आहे. तीर्थपुरीच्या शाळेत त्या चिन्हाचं एक चित्र लावावं. दस्तार असू द्या, 'विश्वासू मित्र'ही असू द्या. खाली मराठीत एवढंच लिहावं, की सारा आमच्यासारख्या गावांनी भरला होता. येत्या १७ सप्टेंबरला गावी गेलो की मुख्याध्यापकांना विचारतो. फ्रेमचा खर्च माझा.