रक्ताच्या थेंबात काळजाची खबर

साखर तपासायचे छोटे मशीन आज आपल्या कितीतरी घरांत आहे. बोट टोचले, थेंब पट्टीला लावला, की काही सेकंदांत आकडा समोर येतो. मग छातीत दुखू लागल्यावर हृदयासाठीही अशी पट्टी का नसावी, असे साहजिकच मनात येते. या वेळी त्याच विषयी बोलू.

साखरेच्या पट्टीवर एक एन्झाइम असते. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया झाली की अतिसूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि मशीन तोच मोजते. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची जोडी जमवण्याची ही कल्पना अमेरिकेतील लेलँड क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्याने 1962 साली मांडली. अशा साधनाला बायोसेन्सर म्हणतात.

हृदयाच्या बाबतीत शोधायचे असते ते ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन आहे. रक्तपुरवठा तुटून स्नायूच्या पेशी मरू लागल्या की ते रक्तात झिरपते. त्याला पकडण्यासाठी सेन्सरवर अँटिबॉडी बसवतात. कुलपात किल्ली बसावी तसे ट्रोपोनिन तिला चिकटते. मग एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी त्याला येऊन चिकटते आणि त्या एन्झाइमच्या क्रियेतून प्रवाह मिळतो. ट्रोपोनिन जास्त, तर प्रवाह जास्त. याच तत्त्वावर चालणारे, हातात मावणारे यंत्र काही इस्पितळांत वापरले जाते. त्याचे उत्तर सुमारे 10 मिनिटांत मिळते.

मग ते घरोघरी का नाही? पहिली अडचण प्रमाणाची. एक लिटर रक्तात साखर साधारण 1 ग्रॅम असते. ट्रोपोनिन-टी च्या संवेदनशील तपासणीत मात्र 14 नॅनोग्रॅमच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग! त्यातच रक्तातली इतर असंख्य प्रथिने सेन्सरवर चिकटून घोटाळा करतात. जगभरचे संशोधक सोन्याचे सूक्ष्म कण, ग्राफीन अशा गोष्टी वापरून यावर मार्ग शोधत आहेत.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. झटका येताच ट्रोपोनिन वाढलेले दिसत नाही, त्याला काही तास लागू शकतात. म्हणून इस्पितळात 1 ते 3 तासांनी तपासणी पुन्हा करतात. शिवाय मूत्रपिंडाच्या आजारातही ते वाढलेले असू शकते. म्हणजे उद्या घरी पट्टी आली आणि तिने ‘सगळे ठीक’ म्हटले, तरी पहिल्या तासात त्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

म्हणून छातीच्या मध्यभागी दाब, घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर थांबू नये. स्त्रियांना आणि साखरेच्या रुग्णांना कधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटते. इफ्तारनंतर असे झाले की ‘भजी बाधली, गॅस झाला’ म्हणून सोडा पाजला जातो आणि अम्मी तर घरच्यांची झोपमोड नको म्हणून फज्रपर्यंत गप्प राहते. असे करू नका. 108 ला फोन करा, रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. इस्पितळात पोहोचताच 10 मिनिटांत ईसीजी व्हायला हवा.

रोजा असेल तर? तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक आलिम सांगतात. जिवाला धोका असेल तर रोजा सोडून औषध घेण्याची मुभा आहे. कझा नंतर करता येते.

तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिफा देणारा अल्लाह आहे. वेळेवर दवाखाना गाठणे आपल्या हाती आहे. तो आपल्या सर्वांना आफियत देवो, आमीन.