निर्यात नावं कंपायलरवर सोडू नका

कापसाचा हंगाम सुरू झाला की बाभुळगावसारख्या तालुक्यात जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग लागते. गाडी आधी काट्यावर चढते, मग काटापावती निघते. पावती काढणारा प्रोग्राम कित्येकदा अजून व्हिज्युअल बेसिक ६ मधलाच असतो. समजा, इंडिकेटरवरून वजन वाचणारी डीएलएल कुणी नव्याने बिल्ड करून जुनीच्या जागी ठेवली आणि पडद्यावर आलं: रन-टाइम एरर ४५३. फाइल सापडली, पण मागितलेलं फंक्शन तिच्यात नाही. सोर्समध्ये तर ते आहे, एक अक्षरही बदललेलं नाही. बदलला तो फक्त कंपायलर.

३२ बिट विंडोजवर 'स्टडकॉल' पद्धतीत स्टॅक साफ करायचं काम बोलावलेल्या फंक्शनचं असतं. म्हणून आर्ग्युमेंट्सचे एकूण बाइट नावाच्या शेवटी चिकटवले जातात. दोन पूर्णांक घेणारं 'रीडवेट' हे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरकडून '_रीडवेट@८' होऊन बाहेर पडतं. मिनजीडब्ल्यू पुढचा अंडरस्कोअर गाळतो, शेपूट ठेवतो. डेफ फाइलमध्ये साधं नाव लिहिलं, तर मायक्रोसॉफ्टचा लिंकर साधंच नाव देतो. सोर्स एक, नावं तीन. व्हीबीचं डिक्लेअर मात्र नेमकं नाव शोधतं.

मिनजीडब्ल्यूच्या लिंकरला 'किल-ॲट' सांगितलं की शेपूट जातं. काही जण त्याऐवजी फंक्शनच 'सीडेकल' करून टाकतात. तसं करू नका. नाव जुळतं, पण व्हीबी स्टडकॉल गृहीत धरतो आणि आयडीईत एरर ४९ देतो. ६४ बिटमध्ये शेपूट नाही, त्यामुळे नव्या मंडळींची या प्रश्नाशी गाठच पडत नाही. पण व्हीबी ६ ला ६४ बिट डीएलएल चालत नाही आणि काट्यावरचा प्रोग्राम बदलायला हंगामात कुणाला सवड नसते.

सी++ मध्ये तर आर्ग्युमेंट्सचे प्रकारही नावात गुंफले जातात. जीसीसीची नावं '_झेड'ने सुरू होतात, मायक्रोसॉफ्टची प्रश्नचिन्हाने, आणि एकाचं नाव दुसऱ्याला कळत नाही. बाहेर द्यायच्या फंक्शनवर 'एक्स्टर्न सी' लावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मराठी अकारविल्हे लावायला किंवा तारखा मराठीत दाखवायला आपण ज्या आयसीयू लायब्ररीवर विसंबतो, तिचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ती एरवी प्रत्येक फंक्शनच्या नावाला आपला आवृत्ती क्रमांक जोडते. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे: एकाच प्रोसेसमध्ये दोन आवृत्त्या एकमेकींच्या पायात न येता नांदतात. किंमत अशी, की एका आवृत्तीशी लिंक केलेला प्रोग्राम दुसरीवर चालत नाही. लिनक्सवर डॉटनेटला म्हणूनच चालू होताना हे क्रमांक एकेक करून तपासावे लागतात. विंडोज १० मध्ये आयसीयू घेताना मायक्रोसॉफ्टने उलटी वाट धरली. नावांत क्रमांक नाही, आणि बाहेर फक्त सी फंक्शन्स, कारण सी++ चा एबीआय कायम राखता येत नाही. दोन्ही निर्णय एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि दोन्ही योग्य आहेत, कारण ते माणसांनी ठरवून घेतले.

आपल्या डीएलएलबाबत असं कुणी ठरवतं का? डेफ फाइल सोर्सबरोबर ठेवा. देण्याआधी डम्पबिन किंवा ऑब्जडम्पने निर्यात यादी काढून मागच्या यादीशी ताडून पाहा. आर्ग्युमेंट वाढवायचं असेल तर नवं नाव द्या, विंडोजने 'क्रिएटविंडोएक्स'मध्ये केलं तसं.

ज्यांची डीएलएल शेपटासकट आधीच गावोगावच्या काट्यांवर पोचली आहे, त्यांनी नावं साफ करण्याच्या भरात जुनं नाव काढू नये. कुठल्यातरी व्हीबी प्रोग्राममध्ये एलियास म्हणून '_रीडवेट@८' हेच लिहिलेलं असेल. डेफ फाइलमध्ये एकाच फंक्शनला दोन्ही नावं देता येतात.