डिग्रीचे ‘कॉमन’ पेपर आणि सीमेवरची मराठी पोरं

डिग्रीच्या प्रवेशाला घरात चर्चा होते ती ग्रुपची. बीकॉम कॉम्प्युटर्स घ्यायचं, बीएस्सी करायचं, की बीए करून नोकरीच्या परीक्षांना बसायचं? ‘दोस्त’वर ऑप्शन भरताना दुसऱ्या भाषेचाही प्रश्न येतो. तो बहुतेक वेळा इंटरनेट सेंटरवरचा पोरगाच अर्धवट विचारून भरून टाकतो. आदिलाबादच्या मराठी विद्यार्थ्याचं नुकसान सुरू होतं ते तिथूनच.

आपण ज्याला ‘कॉमन’ पेपर म्हणतो, म्हणजे ग्रुप कोणताही असो, सगळ्यांना द्यावे लागणारे, त्यांच्याकडे कुणी गंभीरपणे बघत नाही. तेलंगणात 2016 मध्ये दोस्त आणि सीबीसीएस आलं. तेव्हापासून इंग्रजी, दुसरी भाषा, पर्यावरण, संगणकाची ओळख, कौशल्याचे दोन-दोन क्रेडिटचे पेपर, असा हा पसारा आहे. पर्यावरणाचा पेपर तर सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे देशभर आला. पण परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड चाळायचं, पास व्हायचं आणि विसरायचं, हीच रीत. यात सेमिस्टरमागून सेमिस्टर चालणारे आणि खरे वजनदार पेपर दोनच, इंग्रजीचा आणि दुसऱ्या भाषेचा.

आता मराठी माध्यमातून दहावी झालेल्या तलमडगू किंवा बेल्याच्या मुलीचा विचार करा. इंटरला माध्यम बदललं. डिग्रीला सगळे विषय इंग्रजीतून. मराठीसाठी उरली ती फक्त दुसऱ्या भाषेची जागा. पण यादीत मराठीचं नाव असणं वेगळं आणि कॉलेजात मराठीचा लेक्चरर असणं वेगळं. लेक्चरर नसेल तर ती हिंदी घेते. हिंदी का, तर लिपी ओळखीची आणि मार्क सोपे. हैदराबादकडच्या खासगी इंटर कॉलेजांत संस्कृतला गर्दी होते, तीही मार्कांसाठीच. मग मुलगी डिग्रीची झाली तरी तिचं लिहितं मराठी दहावीच्या निबंधापाशीच थांबतं.

तेलुगूची गोष्ट उलटी आहे. 2018 च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची झाली, पहिल्या वर्षी पहिली आणि सहावीला. त्या वेळापत्रकाने सहावीत सुरुवात केलेली तुकडी 2025 मध्ये डिग्रीच्या पहिल्या वर्षाला पोचली. पाच वर्षं तेलुगू शिकूनही डिग्रीला साहित्याच्या तेलुगूची भीती वाटते म्हणून ती सोडणारे आपल्यात कमी नाहीत. पुढे तलाठ्याच्या कागदापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं तेलुगूत. मराठी जगवायची म्हणून तेलुगू टाळायची, हा हट्ट आपल्या पोरांना परवडणारा नाही, हे आपल्या पुढाऱ्यांनी एकदा मोकळेपणाने सांगावं.

सामान्य शिक्षणात काय सक्तीचं असावं हा वाद या भागाला नवा नाही. निजामाच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होतं. इंग्रजी सक्तीची होतीच, शिवाय मुस्लिम विद्यार्थ्यांना दीनियात आणि बाकीच्यांना नीतिशास्त्र. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्यांना जागा दिली नागपूर विद्यापीठानं. त्यांच्यातले पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले. या तेलुगू माणसानं ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली. एवढं मराठी कुठल्या दोन क्रेडिटच्या पेपरातून येत नाही, हे खरं. पण दार तरी उघडं पाहिजे.

पैनगंगेपलीकडे चित्र वेगळं आहे, फार चांगलं आहे असं नाही. महाराष्ट्राने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा घेतला. त्यात आपल्या शाखेबाहेरचे खुले वैकल्पिक विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि भाषेचे पेपर आले. म्हणजे किनवट, पांढरकवडा, राजुऱ्याच्या मुलाला कॉलेजात मराठी मिळते. पण त्याला तेलुगू पाटी वाचता येत नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आजही सोयरिक इकडची, कापसाचा बाजार इकडचा, आणि मुलगा अक्षर न वाचता बसमध्ये चढतो.

जिवती आणि केरामेरीच्या मधल्या 14 वादग्रस्त गावांत तर दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत. तिथल्या एकाच घरातले दोन भाऊ दोन राज्यांत डिग्री करू लागले, तर एकाला तेलुगू येणार नाही आणि दुसऱ्याचं मराठी सुटेल. गोंडी-कोलामीला तर दोन्हीकडे जागा नाही म्हटलं तरी चालेल.

यूजीसीच्या हिशोबाने एक क्रेडिट म्हणजे 15 तास. दोन क्रेडिटचे 30 तास. एवढ्या वेळात देवनागरी येणाऱ्या मुलाला तेलुगू लिपी वाचायला शिकवता येते, कारण वर्णमालेचा क्रम तोच. आदिलाबादच्या मुलाला 30 तासांत मराठीत अर्ज, बातमी, मुलाखत लिहायला शिकवता येते. कौशल्याच्या पेपरात हे बसतं. महाराष्ट्राच्या बाजूला खुल्या वैकल्पिकात बसतं. 2021 पासून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, एका विद्यापीठाचे क्रेडिट दुसऱ्यात धरायची सोय कागदावर झालेली आहे. आदिलाबादची कॉलेजं वरंगलच्या काकतीय विद्यापीठाखाली, किनवटची नांदेडच्या, राजुऱ्याची गोंडवाना आणि पांढरकवड्याची अमरावतीच्या. चार विद्यापीठं, आणि मधे एक नदी. या चारही ठिकाणच्या अभ्यास मंडळांनी एकदा एकत्र बसायला हवं.

अडचण माणसांची आहे. मराठीचा पेपर मंजूर झाला तरी तो शिकवणार कोण? विद्यार्थी नाहीत म्हणून जागा नाही, आणि जागा नाही म्हणून विद्यार्थी नाहीत, हे उत्तर आपण शाळांच्या बाबतीत ऐकत आलोय. पण महाराष्ट्रात मराठीत नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर राबणारे, किंवा तेही न मिळालेले, कितीतरी आहेत. किनवटहून आदिलाबादला रेल्वे आहे. गेस्ट लेक्चरर नेमताना सीमेपलीकडची पदवी चालेल का, आणि किती विद्यार्थ्यांनी मागितलं तर कॉलेज मराठी सुरू करेल, हे दोन प्रश्न प्राचार्यांना लेखी विचारायचे, तर ते पुढच्या वर्षीच्या दोस्तची अधिसूचना निघायच्या आत विचारायला हवेत. यादी एकदा लागली की रकान्यात जे असेल तेच निवडावं लागतं.