रेड झोनमधला एक गुंठा

आकुर्डी स्टेशनवर लोणावळ्याची लोकल पकडली की पुढचंच स्टेशन देहूरोड. घर शोधत होतो तेव्हा दोन महिने जवळजवळ दर रविवारी मी हा एका स्टेशनाचा प्रवास केला. अब्बांना तिथेच घर हवं होतं. त्यांचं कारण साधं होतं : "मशीद जवळ, बाजार जवळ, आणि तुझं नाव ऐकून कुणी दार लावणार नाही."

दार लागल्याचा अनुभव ताजा होता. आकुर्डीतल्या एका सोसायटीत फ्लॅट पसंत पडला, किंमत ठरली, टोकन द्यायचं तेवढं बाकी होतं. एजंटने पावतीसाठी पूर्ण नाव विचारलं. तासाभराने त्याचा फोन आला, "साहेब, मालकांचा विचार बदललाय." पुढचं सांगायची गरज तुमच्यापैकी अनेकांना नाही. मनासारख्या वस्तीत घर मिळत नाही, ही मुसलमानांची तक्रार सच्चर समितीने २००६ च्या अहवालातच नोंदवून ठेवली आहे.

देहूरोड हे लष्कराचं गाव. डेपो आले, त्यांच्यामागे देशभरातून कामगार आले आणि इथलेच झाले. बाजारातून चालताना एका दुकानात तमिळ ऐकू येतं, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात आमची घरातली दखनी. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. जवळच्या देहूतून तुकोबांची पालखी निघते, ती आधी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते आणि मग ती आमच्या आकुर्डीला मुक्कामाला येते. अशा गावात राहायला मला आवडलंच असतं. माझी तक्रार गावाबद्दल नाही. त्याच्या आसपास जमीन ज्या पद्धतीने विकली जाते आणि आपण ज्या पद्धतीने ती घेतो, त्याबद्दल आहे.

नात्यातल्या एका चाचांनी जागा दाखवली. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीपासून जवळ, एक गुंठा. आजूबाजूला दोन मजली घरं, वीज, नळ, सगळं. किंमत आकुर्डीतल्या वन बीएचकेच्या निम्म्याहूनही कमी. व्यवहार नोटरीवर आणि रोखीत. चाचा म्हणाले, "इथे बँक कर्जच देत नाही. म्हणजे व्याजाचा प्रश्नच मिटला." अब्बांनी समाधानाने मान डोलावली.

मला मात्र तिथेच खटकलं. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. सिस्टीम नकार देते तेव्हा आम्ही आधी विचारतो, का? शेकड्याने घरं उभी असलेल्या वस्तीत एकही बँक पैसे द्यायला तयार नसेल, तर तिला काहीतरी दिसलेलं असणार.

जे दिसलं होतं ते फार गुप्त नव्हतं. देहूरोडला दारूगोळ्याचं भांडार आहे. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्यानुसार अशा ठिकाणाभोवती २,००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरपर्यंत, बांधकामावर निर्बंध घालता येतात. लष्करी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे नवं बांधता येत नाही, असलेलं वाढवता येत नाही. यालाच आपल्याकडे रेड झोन म्हणतात. निगडी, यमुनानगर, रुपीनगर, तळवडे, किवळे या भागांतले काही हिस्से त्यात येतात. दर निवडणुकीत हद्द कमी करण्याचं आश्वासन मिळतं, आणि त्या आश्वासनावर गुंठे विकले जातात.

हा निर्बंध म्हणजे कागदी छळ आहे असं मी म्हणणार नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह अनेक जण मृत्युमुखी पडले, आसपासच्या गावांतून लोकांना हलवावं लागलं. धोका खरा आहे. म्हणूनच तिथे घर बांधून देणारा माणूस आपल्याला स्वस्त घर देत नसतो, स्वतःची जोखीम आपल्या गळ्यात घालत असतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. लष्करी छावण्यांत काही जागांवर इमारत रहिवाशाची असते, जमीन मात्र सरकारचीच राहते. त्या जमिनींची नोंद सातबाऱ्यावर शोधून उपयोग नाही, ती छावणीच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. हद्दीबाहेर सातबारा असतो, पण गुंठ्यागुंठ्याने विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा वर्षानुवर्षं आडवा येत असे. म्हणून नोटरी आणि मुखत्यारपत्र. पण नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, जमीन कुणाची हे नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. मी हे सांगितल्यावर चाचांनी वीजबिल आणि घरपट्टीची पावती पुढे केली. घरपट्टी भरली म्हणून बेकायदा घर कायदेशीर होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्यातले कित्येक जण अशा जागी कसे पोहोचतात? पहिलं, सोसायटी नकार देते. दुसरं, व्याज नको म्हणून आपण बँकेत जात नाही. तिसरं, विकणारा आपला माणूस असतो, मशिदीत शेजारी उभा राहतो, त्याच्याकडे कागद कसे मागायचे? बँक कर्ज देताना वकिलाकडून जुन्या व्यवहारांचा शोध घेते, मंजूर नकाशा बघते. ती हे स्वतःच्या पैशासाठी करते, पण फायदा आपलाही होतो. आपण बँक टाळली की व्याजाबरोबर ही तपासणीही टळते, आणि तिची जागा दुसरं कुणीच घेत नाही. मग आयुष्याची कमाई, अम्मीचे दागिने, आखातातून भावाने पाठवलेले पैसे, सगळं एका स्टॅम्पपेपरवर जातं.

बँका निर्दोष आहेत असं नाही. काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांनाच 'निगेटिव्ह' किंवा 'रेड झोन' ठरवल्याचं सच्चर अहवालात आलं आहे. म्हणजे आपल्या वाट्याला दोन रेड झोन आले, एक दारूगोळ्याचा आणि एक नावाचा. नावाच्या रेड झोनशी भांडलं पाहिजे. पण त्या रागाच्या भरात दारूगोळ्याच्या रेड झोनमध्ये घर घेणं हा काही निषेध नव्हे.

कागद कच्चे असले की पुढे काय होतं, ते याच शहराने २०२५ मध्ये पाहिलं. फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने हजारो शेड आणि बांधकामं पाडली. भंगारावर पोट असलेले कितीतरी मुसलमान त्यात उघड्यावर आले. मे महिन्यात चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. पूररेषेसमोर कुणाचंच आडनाव कामी आलं नाही. फसवणूक सगळ्यांचीच होते. फरक इतकाच की ज्याला दुसरीकडे घर मिळू शकतं, त्याच्याकडे 'नको' म्हणायची सोय असते. आपल्याकडे ती कमी असते, म्हणून आपण जास्त सावध असायला हवं.

मग करायचं काय? सर्व्हे नंबर घ्या आणि महापालिकेतून झोन दाखला काढा. छावणीच्या हद्दीत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि डिफेन्स इस्टेट कार्यालयात चौकशी करा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. तो खर्च एका गुंठ्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासा. कर्ज घ्यायचं की नाही हे ज्याने त्याने आपल्या ईमानाने ठरवावं, मी फतवा देणारा कोण? पण कर्ज घेणार नसाल तर बँकेची तपासणी स्वतः करा. प्रत्येक मोहल्ल्यात वकील आहेत, इंजिनिअर आहेत. जुम्म्याच्या नमाजनंतर तासभर बसून लोकांचे कागद बघितले तरी कितीतरी घरं वाचतील. व्यवहार लिहून ठेवा, हे तर आपल्याला कुरआननेच सांगितलं आहे. कागद मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

आणि सोसायटीचा नकार निमूट गिळू नका. कायदा इथे पुरेसा भक्कम नाही, हे खरं. घटनेचं कलम १५ धर्मावरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई करतं, पण फ्लॅट विकणाऱ्या मालकापर्यंत ते पोहोचत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. तरीही महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातलं कलम २३ सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. म्हणून नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तो लेखी मिळत नाही, कारण देणाऱ्यालाही तो लाजिरवाणा वाटतो. घरांतल्या भेदभावाविरुद्ध स्पष्ट कायदा हवा, ही मागणी आपण दलित, भटके, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, अशा दार लागलेल्या सगळ्यांसोबत केली पाहिजे.

मी शेवटी आकुर्डीतच एका जुन्या इमारतीत लहान फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही, पण कागद स्वच्छ आहेत. कर्ज काढलं. अब्बांना ते अजून पटलेलं नाही, आणि त्यांच्या मनातली खंत मी खोटी मानत नाही. तो एक गुंठा नात्यातल्याच दुसऱ्या कुणीतरी घेतला. पाया भरला गेलाय, वर पत्रे आलेत. दावतीला बोलावलं तेव्हा आम्ही गेलो, मिठाई खाल्ली. निघताना त्यांचा मुलगा, अकरावीतला, मला हळूच म्हणाला, "भाई, अब्बांनी पेपर दिलेत, तुम्ही एकदा बघाल?"

बघतो म्हणालो. पण ते त्याने व्यवहाराच्या आधी विचारायला हवं होतं, आणि मीही विचारायची वाट न बघता सांगायला हवं होतं.