शाळेत पहिला, पण पुढे काय?



प्रवेशाच्या दिवसांत आडसाली लागणीच्या नोंदी घेत फिरताना बांधावर हटकून प्रश्न येतो, "साहेब, पोरगी शाळेत पहिली आलीय. ॲग्रीला नंबर आपोआप लागंल ना?"

नाही लागत. कृषी पदवीलाही आता सीईटी द्यावी लागते. शाळेतल्या नंबराला तिथे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९७ साली कायदाच केला. प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. खेड्यातल्या शाळांनाही दार उघडले. पुढे ऑस्टिनच्या विद्यापीठात इतर मुलांना फार थोड्या जागा उरू लागल्या, म्हणून २००९ साली तिथे मर्यादा घालावी लागली.

असा नियम आपल्याकडे यावा, असे मलाही वाटते. पण काळजीही वाटते. शेजाऱ्याचा ऊस एकरी वीस टन आणि आपला पंचवीस, म्हणून आपला प्लॉट चांगला म्हणायचा काय? पहिल्या नंबराचेही तसेच आहे.

मीही गावच्या शाळेत पहिला होतो. शहरात अकरावी सायन्सला गेलो आणि गणितात आपटलो. मग कृषी पदविका केली. प्रवेश मिळाला होता, पाया नव्हता.

नियम येईल तेव्हा येवो. वजनकाट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. तसेच एकदा पोरांच्या शाळेत जाऊन विचारा, "गुरुजी, गणिताला आणि सायन्सला वर्षभर शिक्षक आहे ना?"

— ऊस विकास अधिकारी